बंदूक टिकते, काडतूस संपतं

२००३ साली काठमांडूतल्या लगन सिलेखाना या जुन्या राजवाड्यातून अमेरिकेतल्या दोन व्यापाऱ्यांनी नेपाळच्या फौजेची हजारो जुनी हत्यारं विकत घेतली. त्यात मार्टिनी-हेन्री रायफली होत्या, तशाच नेपाळात घडवलेल्या गहेंद्र रायफलीही होत्या. वर्षानुवर्षांची धूळ आणि दगडासारखं घट्ट झालेलं तेल खरवडून काढलं, तेव्हा यातल्या बऱ्याच बंदुका आतून धडधाकट निघाल्या. पोलाद चिवट असतं. नळीला गंज लागला नसेल आणि खटका शाबूत असेल, तर १८८० सालची मार्टिनी आजही झाडता येते. मग प्रश्न उरतो तो असा, की तिच्यात घालायचं काय? तिचं काडतूस बनवणारे मोठे कारखाने केव्हाच दुसऱ्या मालाकडे वळलेत.

बंदूक पिढ्यानपिढ्या टिकते. काडतूस मात्र एकदा वापरून संपणारी वस्तू आहे आणि ती कुणीतरी सतत बनवत राहावी लागते. बनवणारा थांबला की बंदुकीचं लाकूड-लोखंड तेवढं उरतं. तरीही जगात शे-दीडशे वर्षांपूर्वीची डझनावारी काडतुसं आजही झाडली जातात, आणि त्यामागे फौजा नाहीत, थोडेसे हट्टी हौशी लोक आहेत. हे त्यांना कसं जमतं ते कळायला आधी काडतुसाच्या आत डोकवावं लागेल.

काडतुसात चार गोष्टी असतात: पुढे शिशाची किंवा शिशावर तांब्याचं आवरण असलेली गोळी, मागे पितळी पुंगळी, पुंगळीत दारू आणि बुडाशी ठिणगी पाडणारा छोटा प्रायमर. यातली गोळी शिसं वितळवून साच्यात ओतता येते. दारू आणि प्रायमर बाजारात मिळतात, कारण ते एका विशिष्ट बंदुकीपुरते नसतात. अडतं ते पुंगळीपाशी. पुंगळी म्हणजे नुसता डबा नाही. दारू पेटली की पुंगळी क्षणभर फुगते, चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या) भिंतीला घट्ट चिकटते आणि मागच्या बाजूने गरम वायू नेमबाजाच्या तोंडावर येऊ देत नाही. दाब उतरला की ती किंचित आकसते, म्हणून तर ओढून बाहेर काढता येते. हे दोन्ही नीट व्हायचं तर पुंगळी त्या चेंबरच्या मापाचीच हवी. भलत्या मापाची बसत नाही, आणि सैल बसलीच तर फाटते.

मार्टिनी-हेन्री ब्रिटिश फौजेने १८७१ साली स्वीकारली. तिच्या सुरुवातीच्या पुंगळ्या अखंड ओढीव पितळेच्या नव्हत्याच. पातळ पितळी पत्रा गुंडाळून त्या केलेल्या असत. थंड हवेत, सरावाच्या मैदानावर ठीक होतं. वाळूत, उन्हात, तापलेल्या नळीत हा पत्रा फाटायचा आणि पुंगळी आतच अडकायची. १८८५ साली सुदानमधल्या अबू क्लीआच्या लढाईत ऐन हल्ल्याच्या वेळी बंदुका अडकल्या, त्याचा मोठा दोष या पत्र्याच्या पुंगळीकडे गेला आणि मग अखंड पितळेची पुंगळी आली. एका पत्र्यापायी माणसं मेली, हे लक्षात ठेवलं की आजचे हौशी लोक पुंगळीबद्दल एवढे काटेकोर का असतात ते कळतं.

मार्टिनीचं काडतूस .५७७/४५० या नावाने ओळखलं जातं. आधीच्या स्नायडर रायफलीची .५७७ इंची पुंगळी घेऊन तिचं तोंड आवळत .४५० पर्यंत आणलं, म्हणून हे जोडनाव. अमेरिकी फौजेच्या .४५-७० मध्ये मात्र दुसरा आकडा दारूचा आहे: .४५ इंच व्यास आणि ७० ग्रेन, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम, काळी दारू. काडतुसांच्या नावांना एकच नियम नाही, आणि तो शोधण्यात फारसा अर्थही नाही.

आता ही काडतुसं मेली कशामुळे? मुख्य कारण रसायनाचं आहे. सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू खूप जागा खाते, ढगभर धूर करते आणि नळीत काजळी सोडते. तिने दाबही बेताचाच येतो. म्हणून गोळीला ताकद द्यायची तर गोळी मोठी आणि पुंगळी पोटभर दारू मावेल अशी ऐसपैस करावी लागे. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूर न करणारी दारू तयार केली. दोन वर्षांत फ्रेंच फौजेकडे त्या दारूवर चालणारी लेबेल रायफल होती, आणि युरोपातल्या सगळ्या फौजांच्या बंदुका एका झटक्यात जुन्या झाल्या. नवी दारू थोडक्यात जास्त जोर देई. गोळी बारीक, हलकी आणि कितीतरी वेगवान झाली. ब्रिटिशांचं .३०३, आपल्याकडचं ‘थ्री नॉट थ्री’, १८८८ मध्ये काळ्या दारूवरच सुरू झालं आणि तीन-चार वर्षांत कॉर्डाइट या बिनधुराच्या दारूवर गेलं. अमेरिकेने .४५-७० ला १८९२ मध्ये बाजूला सारलं.

फौज गेली की मोठी ऑर्डर गेली. कारखान्याच्या दृष्टीने प्रत्येक काडतूस म्हणजे ठशांचा एक संच आणि यंत्र अडवून ठेवणारे काही दिवस. लाखोंच्या संख्येत खपणारा माल सोडून वर्षाला काही हजार नगांसाठी ते यंत्र कोण थांबवणार? काडतूस सहसा जाहीरपणे बंद होत नाही. यादीत नाव राहतं, ‘सध्या उपलब्ध नाही’ असा शेरा येतो, आणि काही वर्षांनी नावही गळतं.

सगळ्यांचं असं झालं नाही. स्वित्झर्लंडचं जीपी-११ हे काडतूस १९११ सालचं. तिथे गावोगावी नेमबाजी मंडळं आहेत, दरवर्षी फेल्डशीसेन नावाची देशभर मोठी स्पर्धा भरते आणि फौजेच्या जुन्या रायफली घेऊन लोक तिथे उतरतात. मागणी कधी आटलीच नाही, त्यामुळे त्या काडतुसाला कुणी जिवंत करावं लागलं नाही.

.४५-७० ची गोष्ट वेगळी. ते मरणपंथाला लागलेलं होतं. १९७२ साली मार्लिन कंपनीने त्यासाठी नवी रायफल काढली आणि शिकाऱ्यांनी ते पुन्हा उचललं. मग १९८५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनने काळ्या दारूच्या काडतूस-रायफलींसाठी धातूच्या आकृत्यांची स्पर्धा सुरू केली: २०० मीटरवर कोंबडी, ३०० वर डुक्कर, ३८५ वर टर्की आणि ५०० मीटरवर मेंढा. मेंढ्याला गोळी नुसती लागून भागत नाही, तो वजनदार पोलादी मेंढा पडायला हवा. इथे शंभर वर्षांपूर्वीची जड, संथ गोळी कामाला येते. शिवाय साऱ्यांकडे जुनीच हत्यारं असल्यामुळे पैसे ओतून नव्या तंत्राने दुसऱ्याला मागे टाकता येत नाही. मला या स्पर्धांचं खरं आकर्षण यात दिसतं. वारा वाचायचा, प्रत्येक गोळीनंतर नळीतली काजळी सांभाळायची, आणि सावकाश, वाकडा मार्ग घेत पाचशे मीटर जाणारी गोळी नेमकी मेंढ्यावर उतरवायची. दुसरीकडे ‘काउबॉय’ नेमबाजीचं मंडळ १९८७ साली उभं राहिलं. तिथे गडी एकोणिसाव्या शतकातले कपडे घालून येतात आणि १८७३ सालची .४५ कोल्ट, .४४-४० अशी काडतुसं झाडतात. इटलीतल्या व्हाल ट्रोंपिया खोऱ्यातल्या गार्डोने गावचे कारागीर त्या काळच्या बंदुकांच्या नव्या प्रती घडवतात. बंदुका खपू लागल्या तसा पुंगळ्यांना गिऱ्हाईक मिळालं आणि मिसुरीतली स्टारलाइनसारखी फक्त पुंगळ्या बनवणारी कंपनी त्यावर चांगली चालली.

मार्टिनीवाल्यांना एवढी गर्दी जमवता आली नाही. त्यांनी शोध लावला तो ब्राझीलमध्ये. तिथे मॅगटेक या नावाने छऱ्याच्या बंदुकीसाठी अखंड पितळी काडतुसं मिळतात, वेगवेगळ्या बोअरची. ‘बोअर’ मोजण्याची रीत अशी: एक पौंड शिशाच्या सारख्या किती गोळ्या केल्या की प्रत्येक गोळी नळीत बरोबर बसेल, तो आकडा. बारा बोअर म्हणजे बारा गोळ्या, म्हणून नळी मोठी. चोवीस बोअर म्हणजे चोवीस गोळ्या, नळी लहान. तिचा व्यास येतो .५७९ इंच. स्नायडर आणि मार्टिनीचा मूळ आकडा .५७७. जवळपास तेच! छऱ्याच्या बंदुकीच्या या पितळी पुंगळ्यांतून मग मार्टिनीच्या पुंगळ्या घडवल्या जाऊ लागल्या. तोंड टप्प्याटप्प्याने आवळायचं, लांबी कापायची आणि शेवटचा आकार बंदुकीतच, हलक्या दारूच्या पहिल्या बाराने द्यायचा. पितळ फुगतं आणि त्या चेंबरचा हुबेहूब साचा घेतं. अर्थात ती पुंगळी मग त्याच बंदुकीची झाली, शेजाऱ्याच्या मार्टिनीत बसेलच असं नाही.

या कामात सगळ्यात जास्त पुंगळ्या फुकट जातात त्या मधेच भेगा पडून. पितळ जितकं दाबाल तितकं ताठरतं आणि एका मर्यादेनंतर फाटतं. पुण्याच्या तांबट आळीत भांडं ठोकून ताठरलं की भट्टीत तापवून मऊ करतात आणि मग पुन्हा ठोकायला घेतात; पुंगळीच्या तोंडालाही तीच वागणूक लागते. फरक एवढाच, की पुंगळीचं बूड मात्र ताठरच राहायला हवं, कारण सगळा दाब तिथे येतो. तोंडाशी ताप द्यायचा आणि बुडाला तो पोचू द्यायचा नाही, ही खरी हातोटी.

प्रायमरमध्येही एक गंमत आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात नेमबाजांची तुकडी चालवणाऱ्या हायरम बर्डनने एक प्रकार काढला, तर वुलिचच्या ब्रिटिश दारूगोळा प्रयोगशाळेतल्या एडवर्ड बॉक्सरने दुसरा. पुढे अमेरिकेत बॉक्सरचा रुळला आणि युरोपात बर्डनचा! बॉक्सर पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असतं, त्यामुळे आतून सुई घालून वापरलेला प्रायमर सहज ढकलता येतो आणि पुंगळी पुन्हा भरता येते. बर्डनमध्ये दोन बारीक भोकं कडेला असतात, तिथे ही सोपी युक्ती चालत नाही. अमेरिकेत काडतुसं घरी पुन्हा भरण्याचा छंद एवढा फोफावला त्यामागे हे साधं भोकही आहे. आपल्याकडे हा छंद नाही, कारण १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार काडतूस तयार करायलाही परवाना लागतो.

जुनी बंदूक आणि नवी दारू यांची सांगड घालताना माणसं जखमी होतात, हे स्पष्टच सांगायला हवं. काळ्या दारूच्या पुंगळीत जागा भरपूर असते. बिनधुराची दारू तितकी भरली तर नळी फुटेल. आणि एकाच नावाच्या काडतुसाच्या बंदुकाही सारख्या नसतात. .४५-७० साठी अमेरिकेतल्या दारूगोळा उत्पादकांच्या संस्थेने चौरस इंचाला २८,००० पौंड दाबाची मर्यादा ठेवली आहे, कारण १८७३ची झडप उघडणारी स्प्रिंगफील्ड आजही कुणाच्या तरी हातात आहे. भरणीच्या पुस्तकांत मात्र याच काडतुसाचे तीन वेगळे तक्ते छापतात: जुन्या स्प्रिंगफील्डसाठी सौम्य, मार्लिनसारख्या लिव्हरच्या रायफलींसाठी मधला आणि रुगरच्या मजबूत एकबारी रायफलीसाठी कडक. तिसऱ्या तक्त्याचं काडतूस पहिल्या बंदुकीत सहज बसतं. धोका तिथेच आहे.

या विषयाचा भारताशी असलेला धागा जुना आहे. १८५७ नंतर पुन्हा बंड होईल या भीतीने इंग्रजांनी हिंदी शिपायांना मुद्दाम एक पिढी मागची हत्यारं द्यायचं धोरण ठेवलं. १८८०च्या मैवंदच्या लढाईत गोऱ्या ६६व्या पलटणीच्या हाती मार्टिनी होत्या आणि बाजूच्या मुंबई इलाख्याच्या पलटणी स्नायडर घेऊन लढत होत्या. त्याच भीतीतून पुढे एक बंदी आली. १९०७च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदानात .४५० व्यासाची खाजगी रायफली आणि काडतुसं आणायला सरकारने मनाई केली. शिकाऱ्याच्या .४५० काडतुसातली गोळी काढून कुणी बंडखोराने चोरलेल्या मार्टिनीत वापरली तर, असा हिशोब होता. त्या काळी वाघ-रानगव्याच्या शिकारीसाठी जॉन रिग्बीचं १८९८ सालचं .४५० नायट्रो एक्स्प्रेस जोरात होतं आणि हिंदुस्थान हे त्याचं मोठं गिऱ्हाईक. लंडनच्या बंदूकवाल्यांची धावपळ उडाली. व्यास इंचाचा काही शतांश भाग बदलून त्यांनी नवी काडतुसं काढली: हॉलंड अँड हॉलंडचं .४६५, जोसेफ लँगचं .४७० आणि त्यांची भावंडं. प्राण्याला फरक कळण्याजोगा नव्हता. कायद्याला कळत होता. एका सरकारी हुकुमाने एक काडतूस बाद झालं आणि पाच-सहा जन्माला आली, त्यातलं .४७० आजही बनतं.

ही काडतुसं दुनळी रायफलींसाठी होती, आणि त्यांच्या पुनर्जन्मात खरी अडचण इथे आली. दुनळीच्या दोन नळ्या शेजारी-शेजारी असतात. दोन्हींच्या गोळ्या ठरावीक अंतरावर एकाच जागी पडाव्यात म्हणून कारागीर नळ्या किंचित तिरक्या जोडून, पुनःपुन्हा झाडून, जुळवून घेतो. हे जुळवणं एका विशिष्ट काडतुसासाठी असतं: तेवढंच गोळीचं वजन, तेवढाच वेग. वेग बदलला की बंदुकीची उसळी बदलते, आणि दोन गोळ्या एकमेकींपासून फटकून पडतात. बर्मिंगहॅमच्या कायनॉकने ही काडतुसं पिढ्यानपिढ्या कॉर्डाइट भरून बनवली. १९५६ मध्ये अमेरिकेचं स्वस्त .४५८ विंचेस्टर मॅग्नम आलं, आफ्रिका-आशियातलं साम्राज्य आटोपलं, आणि १९६०च्या दशकात कायनॉकने मोठी काडतुसं एकेक करत सोडली. लाखमोलाच्या बंदुका मुक्या झाल्या. पुढे ऑस्ट्रेलियातल्या बर्ट्रमसारख्या छोट्या कारखान्यांनी पुंगळ्या बनवल्या, १९९०च्या दशकात इंग्लंडमध्ये कायनॉकच्या नावाने पुन्हा भरलेली काडतुसं बाजारात आली. त्यांना नवी दारू वापरून कॉर्डाइटचा जुना वेग तंतोतंत पकडायचा होता, नाहीतर शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिराचं जुळवणं वाया गेलं असतं.

आपल्या संस्थानिकांकडेही अशा दुनळ्या होत्या; कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात शिकारीचा तो काळ पाहायला मिळतो. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर त्या झाडायचं कारणच उरलं नाही. भारतात काडतुसं जगली ती वेगळ्याच वाटेने.

.३०३ हे फौजेचं काडतूस म्हणून नागरिकांना वर्ज्य. मग परवानाधारकांसाठी रायफल कशाची? उत्तर आलं ऑस्ट्रियाच्या फौजेकडून. त्यांच्या मानलिशर रायफलीचं ८ मिलिमीटरचं काडतूस घेतलं, त्याला इंची नाव दिलं .३१५, आणि ली-एनफिल्डच्या घडणीची रायफल त्यासाठी बनवली. आधी इंग्लंडमध्ये, मग पश्चिम बंगालच्या इशापूर कारखान्यात. १९३०च्या सुमारास खुद्द ऑस्ट्रियाने ते काडतूस सोडून लांब पुंगळीचं दुसरं घेतलं. जिथे जन्मलं तिथे ते आज फक्त जुन्या मानलिशर बाळगणाऱ्या हौशींपुरतं उरलंय. इथे मात्र ‘तीनशेपंधरा बोअर’ उत्तर भारतातल्या गावोगावच्या परवान्यांवर आहे, आणि खेदाने म्हणावं लागतं, गावठी कट्ट्यांच्या बातम्यांतही. .३०३ स्वतः उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२०च्या प्रजासत्ताक दिनी निरोप देईपर्यंत वापरात होतं. त्यांच्या काडतुसांच्या बुडावर अनेकदा ‘केएफ’ असा ठसा सापडतो. तो खडकीचा. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा, जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचा १९६४ सालचा. १८९६ सालचं .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूसही असंच. परदेशात ते मुख्यतः २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल स्पर्धेतल्या नेमबाजांनी धरून ठेवलंय, कारण त्याचा धक्का कमी आणि नेम पक्का. भारतात ते टिकलं कारण सरकारी कारखान्याचं परवान्यावर मिळणारं रिव्हॉल्व्हर त्याच मापाचं आहे.

कायदा काडतुसाला जसा जगवतो तसा ब्रिटनमध्ये त्याच्या मरणाची नोंदही ठेवतो. तिथे १ सप्टेंबर १९३९ पूर्वीची, आणि सरकारच्या यादीतल्या कालबाह्य काडतुसाची बंदूक शोभेची वस्तू म्हणून परवान्याशिवाय ठेवता येते. तर्क सरळ आहे: काडतूसच मिळत नाही तर धोका कसला? पण हौशी लोक आणि पुंगळ्यांचे कारखाने तेच काडतूस परत आणतात, आणि मग तर्काला भोक पडतं. गुन्हेगारांच्या हाती अशी जुनी रिव्हॉल्व्हरं सापडू लागली, तेव्हा मार्च २०२१ मध्ये सात काडतुसं यादीतून काढली. त्यात .४१ कोल्ट होतं, .४४ रशियन होतं, फ्रेंच आणि जर्मन फौजांची जुनी रिव्हॉल्व्हर-काडतुसंही होती. ज्यांच्याकडे ही रिव्हॉल्व्हरं होती त्यांना परवाना काढणं किंवा हत्यार सोडणं भाग पडलं. हौशी लोक यावर फार चिडले, पण मला सरकारचं म्हणणं पटतं. नवी पुंगळी दुकानात मिळत असताना काडतूस मेलंय असं म्हणता येत नाही.

हौशींना खरी धास्ती मात्र कायद्याहून तुटवड्याची असते. २०२०-२१ मध्ये अमेरिकेत काडतुसांवर लोकांची झुंबड उडाली तेव्हा कारखान्यांनी सगळी यंत्रं ९ मिलिमीटरसारख्या खपाऊ मालाला लावली आणि जुन्या मापांचं उत्पादन पुढे ढकललं. मार्टिनीवाले अशा वेळी नवीन काही शोधत बसत नाहीत. झाडलेली पुंगळी गवतातून वेचायची, धुवायची, तोंडाशी तापवायची आणि भेग दिसेपर्यंत वापरायची. काळ्या दारूचा दाब बेताचा असल्यामुळे नीट सांभाळलेली एक पुंगळी त्यांना कितीतरी हंगाम पुरते.